पालकाची सही

सरकारी कचेरीत लिपिक म्हणून पंचवीस वर्षे काढली. या काळात सह्या ओळखण्याचा एक वेगळाच अभ्यास झाला. कोणती सही घाईची, कोणती रागाची, कोणती भलत्यानेच ठोकलेली, हे कागद हातात घेतला की कळते. अशा माझ्यासारख्या माणसाला स्वतःचीच खोटी सही पाहावी लागली, आणि तीही पोटच्या मुलीने केलेली. ती हकिगत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. माझ्यासारखे कार्यकर्ते वस्तीवस्तीत आहेत, म्हणून ती लिहायची.

आम्ही कल्याण पूर्वेला राहतो. कचेरी मुंबईत. सकाळची लोकल पकडायची, संध्याकाळी साडेसातला घरी टेकायचे, चहा घ्यायचा की लगेच विहारात. तिथे दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालते. मी बी. कॉम. असल्याने गणित माझ्याकडे. ते आटोपले की कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाचा पेशंट दवाखान्यात असतो, जयंतीची मीटिंग तर बारमाही. सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा वाटले होते की शनिवार घरच्यांना मिळेल. तो दुसऱ्याच महिन्यात कमिटीने खाल्ला. अकरा वाजता घरी यावे तर ओट्यावर झाकलेले ताट आणि झोपलेली दोन मुले. अशी वर्षे गेली. या धावपळीचा मला अभिमान होता, हेही कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुलीच्या शाळेत पालक सभा होती. मुलगी नववीत. सासूबाई आजारी म्हणून पत्नी माहेरी गेलेली, नाहीतर माझ्यावर ही वेळ आलीच नसती. वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तक पुढे केले. बीजगणितात ४० पैकी ११. त्याखाली माझी सही. मागच्या चाचणीखाली माझी सही, पुढच्या चाचणीखालीही माझीच. तिन्ही हुबेहूब, शेवटचा फराटासुद्धा. त्यांतली एकही मी केलेली नव्हती.

बाई म्हणाल्या, "तुम्ही सही करून देता, पण भेटायला कधी येत नाही."

मी गप्प राहिलो. दुसऱ्यांच्या मुलांना रोज दीड तास गणित शिकवणारा माणूस मी, आणि माझी मुलगी गणितात नापास! हे त्या बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचे?

घरी येऊन आधी आवाज चढवला. ती रडली नाही. मग जरा शांत होऊन विचारले, "आईची सही का नाही घेतलीस?"

"आई वाचून सही करते, पप्पा. मग रात्रभर झोपत नाही."

"आणि माझी?"

"तुम्ही नुसती सहीच केली असती. तेवढ्यासाठी तुम्हाला कशाला उठवायचं?"

"मग अभ्यासिकेत का नाही आलीस?"

"ती दहावीची आहे. आणि तिथे तुम्ही सगळ्यांचे सर असता."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन दिवसांनी ७ फेब्रुवारी, रमाई जयंती. वक्ता अर्थातच मी. भाषण पाठच होते. पोयबावाडीच्या चाळीतला संसार, बाबासाहेब लंडनला शिकत असताना माउलीने रेटलेला प्रपंच, पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव हाती लागले आणि १९२६ साली राजरत्नही गेला, ते दुःख. दरवर्षी हे सांगताना माता-भगिनी पदर डोळ्यांना लावतात. त्या दिवशी राजरत्नापाशी आलो आणि माझाच घसा बसला. पहिल्या रांगेत माहेराहून सकाळीच परतलेली माझी पत्नी बसली होती. अंगणवाडीचे काम, घर, दोन मुले आणि माझी म्हातारी आई, हे सगळे ती ओढते. मनात आले, आपण पुरुष कार्यकर्ते रमाईच्या त्यागाचा गौरव करतो आणि गुपचूप आपापल्या बायकोकडे तोच त्याग मागतो. तसे मागताना स्वतःला कुणाच्या जागी बसवून घेतो, याची लाजही वाटत नाही! बाबासाहेब तिकडे ग्रंथालयात अभ्यास करीत होते. आपण मीटिंगमध्ये दोन तास मंडपाचा रंग ठरवतो.

त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाईने सोसावे आणि बाकीच्यांनी तिला माउली म्हणावे, एवढ्यावर त्यांनी आईपण सोडले नाही. तिच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, असा तो विचार होता. हे आपण रमाई जयंतीला सांगत नाही. मीही सांगितले नव्हते.

कचेरीत मी आस्थापना शाखेत आहे, रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यात महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा मिळाली, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस. चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच निर्णयात पुरुषाला ही रजा केव्हा? तर पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. आमच्याकडच्या एका शिपायाचा असा अर्ज आला होता. बायको वारलेली, पदरात दोन मुले. टिपणी लिहिली, फाईल वर पाठवली, त्या वेळी काहीच खटकले नाही. पालक सभेनंतर खटकले. आई असेपर्यंत बापाची गरज नाही, हे सरकारने कागदावर लिहिले होते. मी ते कागदाशिवाय पाळत होतो.

सिगालोवाद सुत्तात मुलांनी आईबापांसाठी काय करावे ते सांगितले आहे, तसेच आईबापांनी मुलांसाठी काय करावे तेही सांगितले आहे. पतीची कर्तव्येही आहेत. विहारात आम्ही बहुधा मुलांचीच वाचतो.

मग केले काय? फार मोठे काही नाही. मंगळवार आणि शुक्रवारची अभ्यासिका एका बँकेत लागलेल्या मुलाकडे दिली. तो माझाच जुना विद्यार्थी, माझ्यापेक्षा बरा शिकवतो. शनिवारची मीटिंग सोडली. "भाऊ, चळवळ सोडली का? घरकोंबडे झालात," असे एकाने तोंडावर सुनावले. पत्नीचाही चटकन विश्वास बसला नाही. पहिल्या मंगळवारी ती म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?"

मुलीला शिकवणे सोपे गेले नाही. परक्या मुलाला एक गणित पाच वेळा सांगताना संयम राहतो. स्वतःच्या मुलीला दुसऱ्यांदा सांगताना मी ओरडलो. तिने वही मिटली आणि आजीजवळ जाऊन बसली. आठवडाभर दोघेही अबोल. नंतर कळले की तिचे बीजगणित कच्चे नव्हते, सहावी-सातवीतले अपूर्णांकच कच्चे होते. म्हणजे माझी गैरहजेरी तेव्हापासूनची. मग अपूर्णांकापासून सुरुवात केली. भाकरीचे तुकडे करून धाकट्यालाही शिकवले, आणि त्याने सगळा छेद खाऊन टाकला! घरात इतके हसू मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. की ते होतेच, आणि मीच घरी नव्हतो?

२०२४ मध्ये ती दहावी पास झाली. गणितात १०० पैकी ५४. पेढे वाटण्याइतके नाहीत म्हणून मी जरा थबकलो, पण आईने चाळभर वाटले.

आता ती कॉलेजात आहे. परवा धाकट्याचे प्रगतिपुस्तक आले. चष्मा लावून प्रत्येक विषय वाचला, बाईंचा शेरा दोनदा वाचला आणि सही केली. मोठीने मागून डोकावून आपले जुने प्रगतिपुस्तक आणले, दोन्ही शेजारी ठेवली आणि बराच वेळ न्याहाळत राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमची सही मीच बरी करत होते."