भेटायला जायचं राहून गेलं

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं गाव. हिंदू आणि मुसलमान दोघांचीही जुनी वस्ती. अशा गावात मयत झाली की कामं आपोआप वाटली जातात. कुणी लाकडं-गवऱ्यांच्या मागे लागतो, कुणी लेकीबाळींना फोन करतो, कुणी त्या घरची गुरं सोडून नेतो. घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, तो कडू घास. एखादी म्हातारी पाठीवर हात ठेवून बळेच दोन घास खायला लावते. मुसलमानाच्या घरीही शेजारी-नातलगच जेवण पाठवतात आणि लोक पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, येत राहतात.

दहाव्याचा घाट आठवून पाहा. पिंड ठेवलेला असतो आणि कावळा येत नाही. मग मंडळी एकेक करून पुढे होतात. धाकटा भाऊ म्हणतो, पोरीचं लग्न मी करून देईन. मामा म्हणतो, पोराचं शिक्षण थांबू देणार नाही. कुणी म्हणतं, घेणंदेणं आम्ही बघू, तू काळजी करू नको. कावळ्यावर विश्वास असो वा नसो, ते शब्द चारचौघांत बोलले गेलेले असतात. विधवा झालेली बाई ते ऐकते, पोरं ऐकतात, भावकी ऐकते. पुढे कुणी टाळाटाळ केली तर गाव त्याला घाटावरच्या शब्दाची आठवण करून देतं. मागे राहिलेल्यांना आधार देण्याची इतकी पक्की व्यवस्था आपल्याकडे होती आणि करोनाने नेमकी तिच्यावरच कुऱ्हाड घातली.

बुलढाण्यात करोनाचा पहिला मृत्यू मार्च 2020 च्या अखेरीस झाला. त्याआधीच केंद्र सरकारने 15 मार्चला मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या. त्या आज पुन्हा वाचल्या की जीव कळवळतो. पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवता येईल, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. देहाला स्पर्श न करता मंत्र म्हणता येतील, पवित्र पाणी शिंपडता येईल, राख सावडायला काही धोका नाही, हेही लिहिलं होतं. मनाई होती ती देहाला अंघोळ घालायला, मिठी मारायला आणि गर्दी करायला. पण भीतीच्या लाटेत ठिकठिकाणी चेहरासुद्धा दाखवला गेला नाही. घरच्यांनी लांबून एक बांधलेलं गाठोडं पाहिलं, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि आपलं माणूस गेलं असं मानून घेतलं. या काळातली सगळ्यांत अनावश्यक जखम मी हीच समजतो. साथीने माणूस नेला, पण त्याचं शेवटचं तोंड पाहू न देणं ही साथीची गरज नव्हती.

दफनाबाबतही तसंच झालं. मुंबई महापालिकेने 30 मार्च 2020 ला सगळेच देह जाळावेत असं पत्रक काढलं आणि त्याच दिवशी त्यात दुरुस्ती केली. तरी कब्रस्तानांना विरोध होत राहिला. 22 मे 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दफनातून संसर्ग पसरतो याला आधार नाही असं सांगून तो विरोध मोडून काढला. मधल्या काळात ज्यांना गुस्ल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, देता आला नाही, त्यांच्या घरांत ती खंत अजून आहे.

आणि नंतर? नंतर कुणी आलंच नाही. घराला करोनाचा फलक लागलेला, निम्मं घर स्वतःच दवाखान्यात, दहावा-तेरवी चार माणसांत उरकलेली. घाटावर शब्द द्यायला मामाही नव्हता आणि तो ऐकायला गावही नव्हतं. महाराष्ट्रात या साथीत सरकारी नोंदीनुसार जवळपास 1 लाख 48 हजार माणसं गेली. अमेरिकेत 2020 साली झालेल्या एका अभ्यासाने दर मृत्यूमागे सरासरी नऊ जवळचे नातलग शोकात पडतात असा हिशेब मांडला होता. आपली कुटुंबं मोठी, तेव्हा इथे आकडा त्याहून लहान असण्याचं कारण नाही.

शोक हा आजार नाही. रडू येणं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, गेलेल्याचा आवाज ऐकू आल्याचा भास होणं, हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. पण साधारण दहातल्या एकाचं दुःख आहे तिथेच थिजून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान मिळालं. सहा महिने उलटून गेले तरी ओढ तसूभर कमी होत नाही आणि रोजचं जगणं अडतं, ही त्याची खूण. मृत्यू अचानक झालेला असेल, निरोप घेता आला नसेल, भोवती माणसं नसतील तर हा धोका वाढतो. करोनात तिन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या.

वऱ्हाडाला मोठं मरण नवं नाही. 1918 च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, इथली गावं ओस पाडली. अलीकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घरांमागून घरं उघडी पाडली. त्यातूनच शिकण्यासारखं एक काम आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात झालं. ‘विश्राम’ या प्रकल्पात 30 गावांतल्या स्थानिक कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, घरी जाऊन धीर द्यायला आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायला शिकवलं गेलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चौघांना मदत मिळत होती, नंतर ती 27 जणांपर्यंत पोचली. मोठं इस्पितळ बांधावं लागलं नाही. गावातलीच माणसं नीट शिकवून दारोदार पाठवली, इतकंच.

बॉस्टनमध्ये 1960 च्या दशकात फिलिस सिल्व्हरमन या विदुषीने असाच प्रयोग केला होता. नव्याने विधवा झालेल्या बाईकडे तज्ज्ञ पाठवण्याऐवजी आधी विधवा झालेली बाई पाठवायची. जिने हे भोगलं आहे तिच्यापाशीच मन मोकळं होतं, हे तिथे दिसून आलं. आपल्याकडे करोनानंतर हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली करोना एकल महिला पुनर्वसन समिती याच जातीचं काम करत आली. तालुक्या-तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी अशा बायकांची यादी केली, त्यांना एकत्र आणलं आणि त्यांचे कागद हातात घेतले. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने मिशन वात्सल्य सुरू करून तालुका पातळीवर समित्या नेमल्या.

कागद हा शब्द इथे मुद्दाम लिहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या आदेशानंतर मृताच्या वारसाला 50 हजार रुपये देण्याचं ठरलं. तपासणीनंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला असला तरी, करोनाचा धरायचा असंही ठरलं. पण वारसाचा आणि मृत्यूचा दाखला आता बाईलाच काढावा लागतो, आणि बँकेचं खातं, सातबारा, रेशनकार्डावरचं नाव हे सगळं आजवर नवराच बघत होता. बाई तहसीलच्या पायऱ्या चढते तेव्हा प्रत्येक टेबलावर तिला तोच मृत्यू नव्याने सांगावा लागतो. तिच्यासोबत जाऊन रांगेत उभा राहणारा दीर किंवा शेजारी तिच्या मनाचंही औषध करत असतो. दोन्ही आधार वेगळे काढता येत नाहीत.

रीतींपैकी काही तुटल्या ते बरंच झालं, हेही सांगायला हवं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे आधाराच्या नावाखाली केलेलं क्रौर्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 ला ते बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या जिल्ह्याला यासाठी दूरचा दाखला नको. सिंदखेडराजाच्या लेकीने, जिजाऊंनी, 1664 मध्ये शहाजीराजे गेल्यावर सती जायचं ठरवलं होतं. शिवरायांनी त्यांना परत फिरवलं, असं बखर सांगते. पुढची दहा वर्षं त्या राज्याचा आधार होत्या. पतीमागे बाईचं आयुष्य उरतं, हे या मातीला तेव्हापासून ठाऊक आहे.

कडू घास, पुरसा, घाटावरचा शब्द मात्र परत आणायला हवेत, आणि त्याला उशीर झालेला नाही. त्या दोन वर्षांत ज्या घरी जाता आलं नाही तिथे या दिवाळीच्या सुट्टीत जा. फराळाचा डबा न्या, पण तो देऊन लगेच उठू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, घरच्यांना त्याच्याबद्दल बोलू द्या. ‘आता विसरा’ असं म्हणू नका. कोणते कागद अडलेत, पोरांची बालसंगोपन योजना लागू झाली का, हे विचारा आणि तहसीलला सोबत जा. कुणी अजूनही झोपत-जेवत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो लिहून त्या घरी ठेवून या.