गडाचं नाव आणि वसतिगृहाची पाटी

बीड जिल्ह्यात नवी सून आली, त्यातून ती पुण्या-साताऱ्याकडची असली, की एका साध्या शब्दापाशी अडखळते. तो शब्द म्हणजे 'गड'. सासूबाई म्हणतात, "उद्या गडावर जायचंय हं," आणि ही बिचारी डोळ्यांसमोर बुरूज नि तटबंदी आणते. प्रत्यक्षात वर असतं देऊळ, समाधी, टाळ-मृदंग आणि पंगत. आपल्याकडचे हे गड राजांचे नव्हेत, संतांचे!

बीडजवळचा नारायणगड नगद नारायण महाराजांच्या नावाचा. त्याला धाकटी पंढरी म्हणतात. पाटोदा तालुक्यातल्या गहिनीनाथगडाला नाथपंथातल्या गहिनीनाथांचं नाव. आणि भगवानगड तर सर्वांना ठाऊक आहे. तसा तो शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात येतो, पण नातं बीडचंच. भगवानबाबा जन्मले १८९६ साली, आपल्या पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाट इथं. घरचं नाव आबाजी तुबाजी सानप. आळंदीला शिकले, नारायणगडावर राहिले आणि पुढे ज्या धौम्यगडावर त्यांनी ठाण मांडलं, तो त्यांच्याच नावाने भगवानगड झाला. १९६५ साली बाबा गेले, नाव मात्र वाढतच राहिलं. आष्टीला भगवान महाविद्यालय आहे. सावरगावात भगवान भक्तिगड झाला आहे. ट्रकच्या कपाळावर, किराणा दुकानाच्या पाटीवर आणि कितीतरी घरांत मुलाच्या पाळण्यावरही हेच नाव दिसतं.

या नावांमागे आपणा बायकांचे कष्टही आहेत बरं का! गडाचा नारळी सप्ताह ज्या गावात भरतो, तिथं घरोघरी तवे तापतात, भाकरीच्या चवडी मांडवात जातात. संताचं नाव कीर्तनकार गातात खरं, पण ते जेवू घालतात बायकाच.

आता एक गंमत पाहा. आपल्या मराठीत 'नाव ठेवणं' वेगळं आणि 'नावं ठेवणं' वेगळं. फरक एका अनुस्वाराचा. पण मोठ्या माणसाचं नाव ठेवून काम तसं झालं नाही, तर लोक नावं ठेवणारच!

अंबाजोगाईचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आणि रुग्णालयाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. स्वामीजी संन्यासी होते. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा. पण भगवी वस्त्रं घालून ते मठात बसले नाहीत. अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत, तेव्हा तिथल्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुलांना शिकवलं, नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, तुरुंगवास सोसला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला त्यात त्यांचा वाटा फार मोठा. १९७२ साली ते गेले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांतल्या रुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयाला त्यांचं नाव मिळालं. १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठालाही मिळालं.

आज मात्र लोक म्हणतात, 'स्वाराती'ला नेलंय पेशंटला. एवढ्या मोठ्या माणसाची तीन अक्षरं उरली! घाईत नाव तुटतं, त्याला इलाज नाही. पण मुलांनी विचारलं, "स्वाराती म्हणजे काय गं आई?" तर आईला सांगता आलं पाहिजे.

आणि आता मुद्द्याची पाटी. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी निवासाची योजना काढली. तिचं नाव 'संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना'. ठरलं ते असं : ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं, तालुक्याला एक मुलींचं, एक मुलांचं, प्रत्येकात १०० जणांची सोय. सुरुवात झाली ती आपल्या बीडसह अहिल्यानगर आणि जालना जिल्ह्यांपासून, भाड्याच्या इमारतींत.

ही सोय किती मोलाची, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला विचारा. मी अर्धवेळ शिकवते, तेवढ्यातही दिसतं. दसरा-दिवाळी झाली की बाकं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरलेला, मग संसार ट्रॅक्टरवर लादून मंडळी कारखान्याच्या फडावर. परतायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. मुलगा एखाद वेळी आजीजवळ राहतो. मुलगी मात्र बरोबर जाते, कारण कोपीवर धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला, भाकरी थापायला कुणीतरी हवं. ती जरा मोठी झाली की आईला दुसरीच चिंता. एकटीला मागे ठेवायचं कसं आणि फडावर न्यायचं तरी कसं? या धास्तीने कोवळ्या वयात लग्न उरकलं जातं. अशा मुलीला वसतिगृहातली एक खाट मिळाली, तर तिचं शिक्षणच नव्हे, बालपणही वाचतं.

भगवानबाबा कीर्तनातून शिकण्याचा आग्रह धरणारे. म्हणूनच हे नाव इथं शोभतं. पण शोभा पाटीने येत नाही. दाराला कडी धड आहे का, अधीक्षक बाई तिथं मुक्कामाला असतात का, न्हाणीघरात पाणी येतं का, ताटातली भाजी पोटभर आहे का, यावर आई लेकीला ठेवायचं की नाही ते ठरवते.

मैत्रिणींनो, इथं तुम्हा-आम्हाला करता येण्याजोगं पुष्कळ आहे. तुमच्या घरी धुणंभांडी करणारी, शेजारच्या वस्तीतली कुणी यंदा ऊसतोडीला निघाली असेल, तर तिला या वसतिगृहांविषयी सांगा. समाजकल्याण खात्याच्या कार्यालयात चौकशी करायला तिच्याबरोबर जा, अर्ज भरून द्या. महिला मंडळाच्या चार जणी मिळून महिन्यातून एकदा मुलींच्या वसतिगृहात डोकावा, विचारपूस करा, जुन्या गोष्टींची पुस्तकं द्या. गडावरच्या पंगतीला जसा आपला हात लागतो, तसा इथंही लागू द्या. मग त्या पाटीला कुणी नावं ठेवणार नाही.