बोलतोय ना, मग सकाळी नेऊ

वसमतचे माझे मामू ओसरीवर घसरले. खोक पडली नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. महिन्याभराने ते नावं विसरू लागले, पाय ओढू लागले. आम्ही म्हातारपण म्हटलं. नांदेडला स्कॅन झाला तेव्हा कळलं, मेंदूच्या जाड आवरणाखाली रक्त साकळलंय. कवटीला भोक पाडून ते काढलं. तिसऱ्या दिवशी मामूंनी मला नावाने हाक मारली.

मंडळी, त्याच जागी मोठ्या अपघातात झपाट्याने रक्त साचलं, तर मेंदूही चेचलेला असतो. असे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. फुगलेली धमनी फुटली तर वीज कोसळावी तशी कळ येते. काही जण दवाखान्यापर्यंत पोचतही नाहीत. आवरणाबाहेर, कवटीला लागून रक्त साचलं तर वेळेत शस्त्रक्रिया झालेले बहुतेक वाचतात. पण फसगत इथेच होते. माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, काही तासांत कोसळतो. आणि हिंगोलीहून नांदेड दीड-दोन तास.