कातळातल्या पाण्याचा विजेने माग

महाराष्ट्राची चार-पंचमांशाहून अधिक जमीन बेसाल्टवर उभी आहे. या काळ्या कातळात पाणी सलग साठत नाही. मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत ते अडकून असते. म्हणून एका बोअरला धो धो पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते. पाणाड्याच्या तळहातावर उभा राहिलेला नारळ यातले काही सांगत नाही. खडकाची विद्युतरोधकता मात्र बरेच सांगते. घट्ट कातळात ती शेकडो ते हजारो ओहम-मीटर असते, तर पाणी मुरलेल्या भेगाळ थरात बहुधा शंभराच्या आत.

ती मोजण्यासाठी जमिनीवर तारेचे मोठे वेटोळे अंथरून त्यातून वीजप्रवाह सोडतात आणि एकदम तोडतात. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनामुळे त्याच क्षणी जमिनीत भोवरी प्रवाह उमटतात. ते खाली पसरत विरत जातात. कोरड्या कातळात चटकन, ओल्या थरात सावकाश. त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. सुरुवातीचे मायक्रोसेकंद उथळ थरांचे, नंतरचे मिलिसेकंद खोल थरांचे. पापणी लवायच्या आत सारे उरकते!

या पद्धतीत जमिनीत खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत, त्यामुळे वेटोळे हेलिकॉप्टरला टांगूनही नेता येते. नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागा खोऱ्यात केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने अशी पाहणी केली. तिथे बेसाल्टखाली दडलेल्या गोंडवन गाळखडकांचाही सुगावा लागला.

आणखी खोल जायचे तर सौरवाऱ्यामुळे आणि विजांच्या कडकडाटामुळे उठणारे नैसर्गिक तरंगच वापरतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ तिखोनोव्ह (1950) आणि फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार (1953) यांनी या पद्धतीचा पाया घातला. वारंवारता जितकी कमी, तितके तरंग खोल जातात. शंभर ओहम-मीटरच्या खडकात एक हर्ट्झचा तरंग सुमारे पाच किलोमीटरपर्यंत. लडाखच्या पुगा खोऱ्यातला भूऔष्णिक साठा असाच तपासला गेला.

मात्र यंत्र पाणी पाहत नाही, फक्त रोधकता पाहते. चिकणमातीही वीज सहज वाहून नेते आणि खारे पाणी तर गोड्याहून अधिक. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात सर्वांत ठळक संकेत पिण्याजोग्या पाण्याचा असेलच असे नाही. शेजारची वीजवाहिनी किंवा तारेचे कुंपणही मापन बिघडवते. म्हणून आलेख हाती आला, तरी आसपासच्या विहिरींत कोणत्या खोलीवर कोणता थर लागला ते ताडून पाहिल्याशिवाय बोअरची गाडी बोलावू नये.