बंद गाडीचे ऑइल

दिवाळी आटोपली, मुले परतीच्या गाडीत बसली, की आमच्या गोंदियाच्या आसपासच्या गावांत एक दृश्य हल्ली हमखास दिसते. अंगणात एक चारचाकी, तिच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर ऊन खात बसलेली मांजर. बालाघाट रस्त्यावरच्या नागऱ्यातही, जुन्या शिवमंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात, मला अशा गाड्या दिसल्या. मुलगा पुण्याला नाहीतर हैदराबादला. गाडी आईवडिलांसाठी म्हणून घेतलेली, पण वडिलांना चालवता येत नाही, आणि येत असली तरी डोळे साथ देत नाहीत. मग ती कार्तिकात झाकली जाते ती महाशिवरात्रीला किंवा उन्हाळ्यातल्या लग्नांना बाहेर निघते.

या गाडीचे इंजिन ऑइल बदलायचे कधी? झाकताना की काढताना? दहांतले आठ जण सांगतील, काढताना. नवे ऑइल चार महिने नुसते पडून राहणार, त्याचे पैसे आत्ताच कशाला घाला! ऐकायला हा हिशेब चोख वाटतो. पण उभी हयात बँकेत कर्जखाती चाळण्यात गेल्यामुळे अशा चोख हिशेबांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

ऑइल पडून राहिल्याने बिघडत नाही. इंजिनात फिरून काळे झालेले ऑइल मात्र पडून राहिले की नुकसान करते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. तिच्याबरोबर अर्धवट जळलेले इंधन आणि काजळीही उतरते, आणि ज्वलनातल्या वायूंपासून पाण्याच्या संगतीने सौम्य आम्ल तयार होते. नव्या ऑइलमध्ये हे आम्ल मारणारी द्रव्ये मिसळलेली असतात, जुन्यात ती खर्ची पडलेली असतात. म्हणजे काळ्या ऑइलसह गाडी झाकणे म्हणजे बेअरिंगांना चार महिने आंबट पाण्यात बसवणे. त्यात आमच्याकडचा हिवाळा. विदर्भात सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियाचेच असते. पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी पुन्हा चांगले ऊन पडते. या रोजच्या चढउताराने इंजिनात दमट हवा शिरते आणि रात्री तिचेही पाणी होते.

थंड देशांतही हा वाद चालतो. तिथे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, मिठाने पत्रा सडतो, म्हणून हौशी लोक आवडती गाडी हिवाळाभर शेडमध्ये ठेवतात. तिथल्या जाणत्यांचे उत्तरही तेच, की ऑइल ठेवण्याआधी बदला.

आता वडिलांकडे वळू. गाडी बिघडू नये म्हणून ते दर रविवारी ताडपत्री बाजूला करून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवतात. २०२० च्या टाळेबंदीत ही सवय अनेकांना लागली. तिच्यामागची माया मला कळते. मुलाने ठेवून दिलेली वस्तू आहे, घुर्रऽऽ आवाज आला की घर भरल्यासारखे वाटते. पण इंजिनाला ही माया सोसत नाही. ऑइल कडकडीत तापले तरच त्यातले पाणी उडून जाते आणि त्यासाठी रस्त्यावर निदान अर्धा तास गाडी पळवावी लागते. जागच्या जागी दहा मिनिटे चालवल्याने नवे पाणी तयार होते, जुने जात नाही. ऑइल भरायचे झाकण उघडून पाहा, आतून ताकासारखा पांढरट थर दिसला तर तो याच पाण्याचा. तेव्हा शेजारच्या मुलाला बसवून गाडी रावणवाडीकडे फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. बॅटरीची काळजी असेल तर तिची एक तार काढून ठेवावी, त्यासाठी इंजिन राबवायला नको.

हे सारे मला कळले ते मोटारीमुळे नव्हे, ट्रॅक्टरमुळे. गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच तालुका होता (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी) तेव्हाची गोष्ट. दोघा भावांनी जमीन गहाण ठेवून ट्रॅक्टर घेतलेला. धान चुरून झाले आणि डिसेंबरात तो कोठ्याशेजारी उभा राहिला, हंगामाभराच्या काळ्या ऑइलसकट. असे त्याचे तिसरे वर्ष असावे. एका हिवाळ्याने इंजिन मरत नाही, नुकसान साचत जाते. पुढच्या पावसाळ्यात चिखलणीच्या दुसऱ्या दिवशी इंजिन ठोके देऊ लागले. मिस्त्रीने खोलून बेअरिंगांचे तुकडे माझ्या हातावर ठेवले. देवीचे वण असावेत तशी बारीक भोके पडली होती.

“साहेब, हे चालून नाही झिजलं जी, हे बसून खाल्लं गेलं.”

परहे तयार होते, बांध्यांत पाणी होते आणि इंजिन उलगडून चटईवर पडलेले. भावांनी तासाच्या भाड्याने दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणला, तोही त्याची स्वतःची कामे आटोपल्यावर. रोवणी लांबली, धान उतरले कमी, आणि हप्ता थकला. आमच्या फायलीत त्याचे कारण दोन शब्दांत नोंदले गेले: यांत्रिक बिघाड.

त्या वेळच्या डिझेलमध्ये गंधकही भरपूर असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले, त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग. त्यामुळे गंधकाच्या आम्लाचा त्रास बराच कमी झाला. पाणी मात्र जिथल्या तिथे आहे.

तेव्हा झाकण्याच्या आदल्या दिवशी गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणावी, ऑइल गरम असतानाच काढावे म्हणजे गाळही निघतो. फिल्टर त्याच वेळी बदलावा. नवे भरल्यावर इंजिन चार-पाच मिनिटे चालवावे, म्हणजे ते सगळीकडे पोचते, आणि मग ताडपत्री. फाल्गुनात ते पुन्हा बदलायची गरज नाही. पट्टी काढून पातळी पाहिली की पुरे. पुढचा बदल गाडीच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. बहुतेक पुस्तिकांत किलोमीटरबरोबर महिन्यांचीही मर्यादा असते, आणि कमी चालणाऱ्या गाडीला ती दुसरी मर्यादाच आधी लागते. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तास मोजायचे, एवढाच फरक.

राहिले काढलेले ऑइल. पूर्वी ते वाळवीसाठी लाकडांना फासत, बंडीच्या आसालाही लावत. उरलेले बांधावर ओतत, आणि आमच्याकडे बांधावरचे पाणी शेवटी तलावातच जाते. ते कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडे द्यावे. माझा मिस्त्री ते दुकानामागच्या ड्रममध्ये साठवतो आणि ड्रम भरला की विकतो.