तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

धंद्यात नवा होतो तेव्हा कराडजवळच्या एका गावात मी दुमजली घराचं प्लंबिंग केलं. वास्तुशांत होऊन सहा महिने झाले नसतील, तोच मालकांचा निरोप आला. वर फ्लश ओढला की खालच्या बाथरूमची जाळी गुडगुडते आणि मागोमाग घाण वास सुटतो. मी जाळी काढून उकिडवा बसलो आणि वर फ्लश ओढायला सांगितलं. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आधी थरथरलं, मग खाली गेलं आणि मोठा घोट घेतल्यासारखा आवाज करून दिसेनासं झालं. पाईप फुटला नव्हता, तुंबलाही नव्हता. खालची लाईन मी मैल्याच्या पाईपला जोडली होती आणि हवेची नळी मात्र कुठंच दिली नव्हती.

ट्रॅप म्हणजे वळणात साठून राहिलेलं साधारण दोन इंच पाणी. सेप्टिक टँकचा वास आणि झुरळं तेवढ्या पाण्यानंच अडतात. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ साली संडासाच्या पेटंटात नळीला असं वळण दिलं. आजही आपण त्यावरच आहोत. उन्हाळ्यात बंद असलेल्या घरात हे पाणी आटतं, म्हणून गावाहून परत आलात की आधी जाळीत तांब्याभर पाणी ओता.

पण भरलेल्या ट्रॅपचं पाणी ओढलं का जातं? पत्र्याचा तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, अडखळत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते, कारण आत हवा जाते. पाईपमधून एकदम पाण्याचा लोट गेला की त्याच्या मागं हवा हवी असते. वरून मिळाली नाही तर तो जवळच्या ट्रॅपमधून ओढून घेतो, पाण्यासकट. हवेची नळी हे डब्याचं दुसरं भोक आहे. ती ड्रेनेजच्या पाईपला वरच्या अंगानं जोडायची, आडव्या तुकड्याचा ढाळ परत पाईपकडे ठेवायचा आणि गच्चीच्या वर नेऊन तोंडावर काऊल, म्हणजे जाळीची टोपी, बसवायची. पैसे वाचवायला ती सज्ज्याखालीच सोडतात आणि वास शेजारच्या खिडकीत जातो. हे मला अजिबात पटत नाही. त्या घरात मी माझ्या खर्चानं फरशी फोडली आणि अडीच इंची नळी गच्चीवर नेली. गुडगुड त्याच दिवशी थांबली.

आता ढाळ. चार इंची पाईपला चाळीस फुटांत एक फूट, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. लक्षात ठेवायला सोपं आहे: पाईप जितक्या इंचांचा, त्याला दहानं गुणायचं. सहा इंची असेल तर साठ फुटांत एक फूट. बाथरूमपासून चेंबर वीस फुटांवर असेल तर सहा इंच उतार लागतो. तेव्हा चेंबरची खोली जोतं भरायच्या आधीच ठरवावी लागते. नंतर ती मिळत नाही. ‘जास्त ढाळ द्या, लवकर वाहील’ असं मालक म्हणतात. फार तीव्र ढाळावर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो.

ढाळ नजरेनं धरू नये. पारदर्शक लेव्हल नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहिलेला नाही हे बघायचं, दोन्ही टोकांना खुणा करायच्या, चेंबरकडची खूण ढाळाइतकी खाली घ्यायची आणि दोरी बांधायची. पाईपखाली विटांचे तुकडे तर मुळीच ठेवू नयेत. वर राडारोडा पडला की दोन विटांमध्ये पाईपला पोट सुटतं, त्यात पाणी साचतं आणि तिथंच पुढं तुंबतं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खाली चार इंच वाळू किंवा क्रश सँड हवी. सॉकेटचं तोंड नेहमी चढाच्या बाजूला. वळणावर काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, आणि जोडाला टीऐवजी वाय.

गेल्या महिन्यात एका घरात पाईप टाकून झाले. मी चेंबरमध्ये आरसा तिरका धरला आणि हाताखालच्या मुलाला बाथरूमच्या टोकाकडून पाईपमध्ये बॅटरी लावायला सांगितली. मग घरातल्या आजींना बोलावलं.

“आजी, जरा आरशात बघा. काय दिसतंय?”

त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. “चांद दिसतोय की रे.”

“पूर्ण आहे का कुठं कापलाय?”

“भाकरीसारखा गोल हाय.”

पाईपला कुठं पोट सुटलेलं असतं, तर चांद कापलेला दिसला असता. मी खाली टोक बंद करून वरपर्यंत पाणी भरलं, अर्धा तास सगळे जोड हातानं चाचपले, टेप लावून प्रत्येक वळणाचा फोटो काढला आणि वाळू टाकायला सांगितली.