बाळ बोलायला कोणाकडून शिकते?

तुमच्या किंवा शेजारच्या घरात लहान बाळ असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. बाळ जेवायला तयार नाही. मग कोणीतरी मोबाइल त्याच्यासमोर उभा करते. रंगीबेरंगी प्राणी नाचू लागतात, गाणे सुरू होते आणि बाळ मुकाट्याने 'आ' करते. अशा गाण्यांची आज जगभर रेलचेल आहे. दक्षिण कोरियात तयार झालेली 'बेबी शार्क' या गाण्याची चित्रफीत जानेवारी २०२२ मध्ये १००० कोटी वेळा पाहिली गेली होती. त्या वेळी पृथ्वीवर माणसे ८०० कोटींहूनही कमी होती!

"पाहू दे, तेवढेच चार शब्द शिकेल," असे घरची मंडळी म्हणतात. हे कितपत खरे आहे? चला, तपासून पाहू.

एक 'च', दोन उच्चार

'चहा' आणि 'चमचा' हे शब्द मोठ्याने म्हणा. दोन्हींच्या आरंभी 'च' आहे. पण 'चहा' म्हणताना जीभ टाळूला लागते, तर 'चमचा' म्हणताना तिचे टोक दातांमागे जाते. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला हा फरक बराच त्रास देतो. तुम्हांला तो कोणी शिकवला? कोणीच नाही. आजूबाजूचे बोलणे ऐकून तो तुमच्या कानांत बसला.

सहा-सात महिन्यांच्या बाळाला परक्या भाषांतील असे सूक्ष्म फरकही कळतात. पण वर्षाचे होता होता त्याचे कान घरच्या भाषेत तयार होतात आणि घरात ऐकू न येणारे फरक त्याला कळेनासे होतात.

सिॲटलमधील प्रयोग

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा उपयोग केला. त्यांचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. घरी केवळ इंग्रजी ऐकणारी ९ महिन्यांची बाळे त्यांनी निवडली. काही बाळांसमोर बसून चिनी बोलणाऱ्या व्यक्तींनी चार आठवड्यांत १२ वेळा पुस्तके वाचली, खेळणी दाखवली, गप्पा मारल्या. दुसऱ्या गटाला याच व्यक्तींच्या चित्रफिती दाखवल्या. तिसऱ्या गटाला फक्त आवाज ऐकवला.

मग परीक्षा घेतली. बोलता न येणाऱ्या बाळाची परीक्षा कशी घेणार? युक्ती सोपी होती. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच तो बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळवली, की बाजूला एक खेळणे नाचू लागे.

ज्यांच्यासमोर माणूस होता, त्या बाळांना चिनी भाषेतील ध्वनींचा फरक तैवानमधील बाळांइतकाच चांगला ओळखता आला. चित्रफीत पाहिलेली आणि नुसता आवाज ऐकलेली बाळे मात्र, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांच्या पुढे गेली नाहीत. माणसे तीच, भाषा तीच. तरी पाटी कोरी!

मग दोष पडद्याचा का?

तसेही म्हणता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवली. समोरासमोर शिकवल्यावर ती त्यांना आली. व्हिडिओ कॉलवर शिकवल्यावरही आली. आधी चित्रित केलेल्या फितीवरून मात्र आली नाहीत. व्हिडिओ कॉलवरची व्यक्ती मुलाच्या बोलण्याला लगेच उत्तर देते, त्याच्या हसण्यावर हसते. चित्रफीत आपल्याच गतीने पुढे जाते. म्हणजे फरक पडतो तो देवाणघेवाणीने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, एक वर्षाच्या बाळालाही तो नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. बसून पाहण्यात खेळण्या-बागडण्याचा आणि झोपेचा वेळ जातो, ही त्यामागची मुख्य काळजी.

घरी करून पाहा

एखादे बालगीत तुमच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मोबाइल पालथा ठेवून ते बाळाला ऐकवा. थोड्या वेळाने तेच गाणे बाळासमोर बसून, त्याच्याकडे पाहत म्हणा. बाळाने आवाज काढला, की थांबा आणि त्याला उत्तर द्या. दोन्ही वेळा बाळ किती वेळा तुमच्याकडे पाहते, किती वेळा आवाज काढते, याची वहीत नोंद करा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. का बरे? पहिल्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकताना बाळ कंटाळलेले असू शकते. एका बाळावरून नियम ठरत नाही; म्हणून वर्गमित्रांच्या नोंदीही ताडून पाहा.

आवाज चांगला नाही म्हणून गायला लाजू नका. बाळाला सुराची चूक कळली तरी ते तक्रार करणार नाही. त्याने 'अं' म्हटल्यावर तुम्ही थांबलात, याचाच त्याला जास्त उपयोग आहे.